पंचवीस पैसे

शाळेतून निवृत्त झाल्यावर घरातील हिशेबाचे काम आपोआपच माझ्याकडे आले. त्यात एक काम विशेष जोखमीचे. ते म्हणजे थोरल्या बंधूंच्या पश्चात वहिनींच्या म्युच्युअल फंडाची टिपणे ठेवण्याचे. २०१८ पासून त्यांच्या बँकेतून दरमहा पाच हजारांचा हप्ता जातो. स्वतःच्या पैशात चूक झाली तर मनुष्य चरफडतो आणि विसरतो. वडील भावजयीच्या पैशात चूक झाली तर तोंड कोठे लपवावे हेच कळत नाही.

२०२५ च्या जुलैत माझी रोजकीर्द आणि खतावणी नातवाने संगणकावर नेली. त्यासाठी त्याने ‘लेजर’ नावाची प्रणाली घेतली. जॉन वीग्ली या गृहस्थाने ती २००३ मध्ये सिद्ध केली. तिची गंमत अशी की, सर्व हिशेब साध्या मजकुराच्या फाइलीत राहतो. उघडून पाहावी तर आपल्या कीर्दीसारखीच दिसते. वर तारीख, खाली खाती, समोर रकमा. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर प्रणाली ती नोंद घेतच नाही. सात वर्षांचे व्यवहार हाताने कोण उतरवणार, म्हणून नातवाने पायथन भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. फंडाच्या खातेउताऱ्यातील ज्या ओळीत युनिटे दिसतील तिची नोंद तिने करावयाची: एका बाजूस युनिटे व त्यांची किंमत, दुसऱ्या बाजूस बँकेतून गेलेले पाच हजार.

जून २०२० पर्यंत सारे सुरळीत चालले. जुलैपासून मात्र प्रत्येक नोंद अडू लागली. फरक पंचवीस पैशांचा!

“आजोबा, पंचवीस पैशांसाठी किती वेळ घालवायचा?” असे म्हणून नातवाने प्रत्येक नोंदीत एक जादा ओळ घातली. खाते ‘किरकोळ’, रक्कम कोरी. लेजरमध्ये एका ओळीची रक्कम अशी कोरी ठेवता येते. उरेल तो आकडा प्रणाली आपण होऊन भरते. क्षणात जून २०२५ पर्यंतची तोंडमिळवणी झाली. मीही मान डोलावली, आणि सांगावयास लाज वाटते, तसाच जाऊन वहिनींना एकूण आकडा सांगून आलो. त्यांनी त्याच दिवशी तो निम्मानिम्म करून दोन्ही लेकींना कळविला.

रात्री सहज ‘किरकोळ’ खात्याची बेरीज पाहिली. पंधरा रुपये पंचवीस पैसे. साठ महिन्यांचे, दरमहा पंचवीस पैशांप्रमाणे, पंधरा रुपये होतात. मग हे वरचे पंचवीस पैसे कोठले? झोप उडाली.

सकाळी उतारा छापून घेतला आणि पट्टी लावून एकेक ओळ वाचू लागलो. दरमहाच्या फरकाचे मूळ लगेच सापडले. १ जुलै २०२० पासून फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क बसले. पाच हजारांवर ते बरोबर पंचवीस पैसे. उताऱ्यात त्याची ओळ वेगळी, आणि तीत युनिटे नसल्यामुळे स्क्रिप्ट ती ओलांडून जाई. आम्ही ज्याला किरकोळ म्हटले ते सरकारदेणे होते.

उरलेले पंचवीस पैसे दुपारी सापडले. एका महिन्यात खरेदीच्या ओळीखाली तितक्याच युनिटांची दुसरी ओळ होती, परंतु आकडे कंसात. बँकेत शिल्लक नसल्यामुळे तो हप्ता गेलाच नव्हता. म्हणून फंडाने दिलेली युनिटे परत घेतली होती. भास्कराचार्य ऋणसंख्येच्या डोक्यावर बिंदू देत. आजचे हिशेबनीस तिला कंसात घालतात. स्क्रिप्ट मात्र आकड्यांतील स्वल्पविराम काढता काढता कंसही पुसून टाकी. बिंदू पुसला की ऋणाचे धन झाले! वजा व्हावयाची युनिटे मिळविली गेली. वहीत दोन हप्त्यांची युनिटे अधिक, आणि बँकेत दहा हजार रुपये उणे. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्यामुळे प्रणालीची काही तक्रार नव्हती. दोन मुलांची उत्तरे जुळली म्हणून ती बरोबर धरणारा मास्तर मी कधीच नव्हतो. येथे मात्र तसाच वागलो. बँकेचे पासबुक मी तोवर उघडलेदेखील नव्हते.

नातवाने निमूटपणे कंसाच्या जागी वजाचे चिन्ह घालण्याची सोय केली, शुल्काला स्वतंत्र खाते दिले आणि ‘किरकोळ’ची ओळ काढून टाकली. शिवाय उताऱ्याच्या अखेरीस छापलेली शिल्लक युनिटे फाइलीत अशी नोंदविली की, आपली बेरीज तितकी न आल्यास प्रणालीने तेथेच थांबावे.

आता वहिनींकडे जाणे आले. सारे ऐकून घेऊन त्या देवघरात गेल्या आणि एक लहानशी वही घेऊन आल्या.

“भाऊजी, त्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, खात्यात पैसे नव्हते. हप्ता गेला नाही हे मी तेव्हाच लिहून ठेवलंय, हे पाहा. तुम्ही मला विचारलंच नाहीत.”

मी काय बोलणार?

“लेकींना आता तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवण्यास आत गेल्या. चहा येईपर्यंत मी दोन्ही फोन केले.