सांबाची चव राखून

माझ्या धाकट्या जावेचे माहेर सिंधनूरकडचे. तुंगभद्रेच्या डाव्या कालव्यावर तिच्या अप्पांची भातशेती आहे. ती सून होऊन आली तेव्हापासून आमच्या घरात भाताविषयी दोन पक्ष आहेत. सासूबाईंना हवा अनगोळ-वडगावच्या शिवारातला वासाचा बेळगाव बासमती, तर जावेला माहेरचा बारीक, सुटा बी.पी.टी. त्याचे पूर्ण नाव सांबा मसुरी, बी.पी.टी. ५२०४. आंध्रातल्या बापटला केंद्राने १९८६ साली दिलेले हे वाण. चवीला छान, बाजारात भाव चांगला. खोड एकच, कडा करपा त्याला फार लवकर धरतो.

अप्पा त्याला ‘अंगमारी’ म्हणतात. रोग बुरशीचा नव्हे, जिवाणूचा. वारा-पावसाने पसरतो, पानावरच्या जखमेतून आत शिरतो. पानाच्या कडा टोकाकडून नागमोडी पिवळ्या पडतात आणि पेंढ्यासारख्या वाळतात. अप्पांनी मला तो ओळखायची युक्ती दाखवली. पान कापून तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरायचा. थोड्या वेळाने कापल्या टोकातून दुधट धागा उतरू लागतो. ते सगळे जिवाणू! खत कमी पडले म्हणून युरिया टाकावा, तर रोग आणखी फोफावतो. फवारणीचाही भरवसा नाही. उरते ते बियाणे.

हैदराबादचे भात संशोधन संचालनालय आणि सी.सी.एम.बी. ही प्रयोगशाळा यांनी मिळून २००८ साली सुधारित सांबा मसुरी आणली. तिच्यात रोगाला अडवणारी तीन जनुके आहेत. त्यांतले एक मूळचे आफ्रिकेतल्या माली देशातल्या रानभाताचे. तीन कशासाठी? जिवाणूही बदलतो, एक कुलूप त्याने उघडले तरी दोन राहावीत.

पण एकदाच संकर केला तर रोपात सांबा निम्माच उरतो, आणि चव गेली तर शेतकरी ते लावील कशाला? म्हणून पुन्हा पुन्हा, चार वेळा, सांबाशीच संकर केला. त्यातही तीनपैकी दोन जनुके अशी की आई-बाप दोघांकडून आली तरच गुण दाखवतात. एकाकडून आली तर लपून बसतात. नुसत्या डोळ्यांनी रोप निवडणार कसे? तेव्हा पानाचा डी.एन.ए. तपासून हवी ती रोपे ठेवली, बाकीची सोडली. मला यातली ही चिकाटीच मोठी वाटते.

अप्पांचा पहिला प्रश्न होता, ‘इदु कुलांतरी का?’ नाही, हा साधा संकरच. प्रयोगशाळेने फक्त निवड केली. तरी त्यांनी एकच एकर लावून पाहिला. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना सगळे शेत नव्या बियाण्यावर कोण लावील? त्या साली शेजारच्या बांधापर्यंत करपा आला होता. अप्पांच्या एकरात पाने हिरवी राहिली. जावेने मला फोनवर ‘अक्का, हिरवं आहे गं!’ एवढेच सांगितले, आणि आवाज भरून आला तिचा.

त्यातला तांदूळ तिने इकडे आणला. जुना आणि नवा दोन पातेल्यांत शिजवला. सासूबाईंना फरक ओळखता आला नाही. भात चिवडत त्या म्हणाल्या, ‘मग आपल्या बासमतीचं असं का करत नाहीत?’

दिल्लीत पुसा बासमतीचे २००७ साली तसे केले आहे, पण ते वाण उत्तरेचे. आपला बासमती उंच वाढतो, लोळतो; त्याचे दुखणे नुसता करपा नव्हे. शिवारात प्लॉट पडू लागलेत, त्यावर कुठले जनुक घालणार? सासूबाईंना मी एवढेच म्हटले, ‘विचारून बघू या.’

‘बघ. लवकर बघ,’ त्या म्हणाल्या.