नवं कार्ड घेण्याआधी

घरात कॉम्प्युटरवर गेम खेळणारं मूल असेल, तर "नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायला हवं" हे वाक्य वर्षातून एकदा तरी कानावर येतंच. आमच्याकडे ते दिवाळीच्या आसपास येतं. तेव्हा सगळीकडे सेल लागलेले असतात आणि आजी-आजोबांनी दिलेले पैसे मुलाच्या हातात असतात. पण त्या पैशांत कार्ड येत नाही. बरं कार्ड म्हणजे आमच्या घराचा दोन-तीन महिन्यांचा किराणा. त्यामुळे हा विषय मुलाच्या खोलीत सुरू होतो आणि जेवणाच्या टेबलावर येऊन थांबतो.

यंदा दुकानदारानंही गेमचं नाव ऐकून लगेच "कार्डच बदला" असा सल्ला दिला. कॉम्प्युटर उघडून पाहणं सोडाच, प्रोसेसर कोणता आहे हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. गेमच्या नव्हे, हिशेबाच्या. पण आमच्या कामात एक सवय लागते: काही हळू चालत असेल, तर आधी कुठं अडतंय ते बघायचं, मग पैसे खर्च करायचे. तीच सवय घरी वापरायचं ठरवलं.

आधी थोडं गणित. गेम म्हणजे भराभर काढलेली चित्रं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रं चालणार असतील, तर ३३.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात दोघांना आपापलं काम संपवायचं असतं. प्रोसेसर ठरवतो काय काढायचं आणि ग्राफिक्स कार्ड ते प्रत्यक्ष काढतं. दोघांपैकी जो मागे राहील, त्याच्या वेगानं गेम चालतो.

मुलाला म्हटलं, "गेम चालू ठेव आणि टास्क मॅनेजर उघड." बाजारातल्या गर्दीचा प्रसंग आला की त्याचा गेम अडखळायचा. नेमका तोच प्रसंग लावला. ग्राफिक्स कार्ड जेमतेम निम्मं कामात होतं. प्रोसेसरचा मात्र एक कोर पूर्ण भरलेला आणि बाकीचे बरेचसे मोकळे. म्हणजे जे कार्ड बदलायचं म्हणून आम्ही पैसे मोजायला निघालो होतो, ते बिचारं कामाची वाट बघत बसलं होतं.

"आई, मग बाकीचे कोर काय करतात?" त्यानं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर ग्राफिक्स एपीआय नावाच्या, एरवी घरात कुणाला दिसत नसलेल्या गोष्टीत आहे.

गेम थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलत नाही. मधे एक ठरलेली भाषा असते आणि ती कार्डाला समजावून सांगणारा ड्रायव्हर असतो. या भाषेला एपीआय म्हणतात. ओपनजीएल १९९२ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स १९९५ मध्ये. तेव्हा घरातल्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला एकच कोर असायचा. त्यामुळे एकानं एकेक हुकूम द्यायचा, ड्रायव्हरनं तो तपासायचा आणि पुढं पाठवायचा, ही पद्धत तेव्हा योग्यच होती.

मुलाला मी हे लग्नघराच्या भाषेत सांगितलं. पूर्वी लग्नात कोठीघराची किल्ली एका काकांकडे असायची. आचाऱ्याला तूप हवं, काकांना विचारा. गूळ हवा, काकांना विचारा. काका नीट बघून, मोजून देणार. त्यामुळे सांडलवंड होत नाही, चोरी होत नाही. पण पाचशे पानांची पंगत बसली की दहा आचारी आणि पेटलेल्या चुली काकांच्या दाराशी खोळंबतात. जुन्या एपीआयमध्ये ड्रायव्हर हे काका असतात. "हे झाड काढ", "हा दिवा काढ", "हा माणूस काढ" असे एका चित्रासाठी हजारो हुकूम जातात आणि बहुतेक सगळे एकाच रांगेतून. गर्दीच्या प्रसंगात हुकूम वाढतात, म्हणून गेम नेमका तिथंच अडखळतो.

नव्या एपीआयनी कोठीची किल्लीच आचाऱ्यांच्या हाती दिली. प्रत्येक कोरनं आपापल्या हुकमांची यादी एकाच वेळी तयार करायची आणि सगळ्या याद्या एकत्र कार्डाकडे पाठवायच्या. बरीचशी तपासणीही आधीच, एकदाच उरकून घ्यायची.

ही कल्पना गेम कन्सोलवाल्यांना नवी नव्हती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोन्ही नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. दोघांतही एएमडीचे जॅग्वार जातीचे आठ कोर होते. वेग प्लेस्टेशनमध्ये १.६ गिगाहर्ट्झ आणि एक्सबॉक्समध्ये १.७५. हे कोर मुळात स्वस्त लॅपटॉपच्या वर्गातले. तरीही त्यांच्यावर मोठमोठे गेम चालले, कारण प्रत्येक कन्सोलचं हार्डवेअर एकसारखं असतं आणि गेम लिहिणाऱ्याला त्याच्या अगदी जवळ जाऊन काम करता येतं. आपल्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठं आहे हे ठाऊक असलं की हात आपोआप चालतो, तसंच.

पीसीलाही असंच काही द्यावं, असा प्रयत्न एएमडीनं सप्टेंबर २०१३ मध्ये मँटल जाहीर करून केला. जानेवारी २०१४ मध्ये 'बॅटलफील्ड ४' या गेममध्ये ते वापरायला मिळालं. मार्च २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं डायरेक्टएक्स १२ जाहीर केलं, जूनमध्ये ॲपलनं मेटल आणलं. डायरेक्टएक्स १२ लोकांच्या हाती जुलै २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आलं. एएमडीनं मँटलचं काम क्रोनोस या उद्योगसमूहांच्या संस्थेला दिलं आणि त्या पायावर फेब्रुवारी २०१६ मध्ये वल्कन तयार झालं. वल्कन एका कंपनीचं नाही. ते विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं आणि अँड्रॉइड ७ पासून फोनवरही.

इतकं सांगून झाल्यावर आम्ही गेमच्या सेटिंग्ज उघडल्या. तिथं डायरेक्टएक्स ११ निवडलेलं होतं आणि खाली १२ चा पर्याय होता. तो निवडला, गेम बंद करून पुन्हा सुरू केला आणि परत त्याच बाजारात गेलो. आता कोर बऱ्यापैकी वाटून काम करत होते, कार्डही जवळजवळ पूर्ण कामाला लागलं होतं आणि गर्दीतून पळताना चित्र अडकत नव्हतं. मोकळ्या रानातल्या प्रसंगात मात्र काही फरक पडला नाही. तिथं आधीपासून कार्डच पूर्ण कामात होतं, मग नवी भाषा आणखी काय देणार?

हा दुसरा निकाल मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटला. एपीआय वाया जाणारी ताकद वापरात आणतो, नवी ताकद निर्माण करत नाही. डायरेक्टएक्स १२ जाहीर झालं तेव्हा एक्सबॉक्स वनच्या अनेक चाहत्यांना वाटत होतं की आता आपला कन्सोल प्लेस्टेशन ४ ला गाठेल. पण एक्सबॉक्सच्या ग्राफिक्स चिपमध्ये ७६८ गणन एककं होती, प्लेस्टेशनमध्ये १,१५२. कुठल्याही सॉफ्टवेअरनं ही संख्या बदलत नाही. शिवाय कन्सोलवर किल्ली आधीपासूनच बरीचशी आचाऱ्याच्या हाती होती. म्हणून नव्या एपीआयचा जास्त फायदा पीसीला, त्यातही कमी वेगाचे पण अनेक कोर असलेल्या प्रोसेसरना होणार हे उघड होतं.

मुलानं उत्साहानं आपल्या सगळ्या गेममध्ये १२ लावून टाकलं. दोन दिवसांनी तक्रार घेऊन आला. एक गेम उलट जास्त अडखळत होता. नव्या खोलीत शिरलं की क्षणभर सगळं थिजायचं.

याचंही कारण किल्लीतच आहे. काका होते तेव्हा सामान संपत आलं की ते आधीच मागवून ठेवायचे. आता ती जबाबदारी आचाऱ्यावर. मेमरी कशी वाटायची, कुठलं काम कुठल्या कामासाठी थांबेल, हे सगळं गेम लिहिणाऱ्यांनीच सांभाळायचं. ज्यांनी त्यासाठी वेळ दिला, त्यांचे गेम सुंदर चालतात. जुलै २०१६ मध्ये 'डूम' या गेमला वल्कनची जोड मिळाली, तेव्हा ते याचं ठळक उदाहरण ठरलं. ज्यांनी जुन्या गेमवर घाईनं नवा एपीआय चढवला, त्यांच्याकडे वेग वाढण्याऐवजी कमी झाला.

दुसरी अडचण शेडरची. पृष्ठभाग कसा चमकेल, सावली कशी पडेल, हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. ते प्रत्येक कार्डासाठी वेगळे तयार करावे लागतात. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्यामुळे कंपनी ते आधीच तयार करून पाठवते. पीसीमध्ये कार्डांचे शेकडो प्रकार, म्हणून ते काम आपल्या घरी होतं. खेळता खेळता ते करावं लागलं की तो क्षणभराचा झटका बसतो. काही गेम सुरुवातीलाच "शेडर तयार होत आहेत" असं सांगून काही मिनिटं थांबायला लावतात. मुलं कंटाळून ते टाळू बघतात. ते टाळू देऊ नका, चहा होईपर्यंत ते पूर्ण होतं. आमच्या त्या अडखळणाऱ्या गेमला मात्र परत ११ वर नेलं. तो तिथंच बरा चालतो.

हे सगळं फक्त गेमच्या हौसेपुरतं राहिलं असतं, तर मी कदाचित एवढ्या खोलात गेले नसते. पण यात घरातली यंत्रं किती वर्षं टिकतील हाही प्रश्न आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि कितीतरी चालते कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तिथं वल्कन वेगळ्याच वाटेनं उपयोगी पडलं आहे. व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी लिहिलेल्या गेमचे हुकूम ते वल्कनमध्ये भाषांतरित करतं आणि गेम लिनक्सवर चालतो. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं यंत्र त्याच जोरावर उभं आहे. काही ऑनलाइन गेम त्यांच्या फसवणूक रोखणाऱ्या प्रणालीमुळे लिनक्सवर चालत नाहीत, हे खरं. पण ज्याला एकट्यानं खेळायचे गेम हवेत, त्याचा जुना कॉम्प्युटर भंगारात जाण्याची घाई नाही.

मात्र नवा एपीआय नेहमी जुन्या यंत्राच्या बाजूचा असतो, असंही नाही. मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या डायरेक्टएक्स १२ अल्टिमेटमध्ये रे ट्रेसिंगसारख्या गोष्टी आहेत. प्रकाशाचा किरण कुठून कुठं जातो याचा हिशेब करून चित्र काढायचं, त्यासाठी कार्डात वेगळी रचना लागते. आता काही गेम ती नसेल तर चालतच नाहीत. मे २०२५ मध्ये आलेला 'डूम: द डार्क एजेस' त्यातलाच. गंमत म्हणजे तोही वल्कनवरच चालतो. ज्या मालिकेनं एकेकाळी जुन्या कार्डांना नवं बळ दिलं, तिचाच पुढचा भाग आता नवं कार्ड मागतो.

आणि आमच्या मुलाला नेमका तोच हवा आहे. इथं माझ्याकडे कुठलीही सेटिंग नव्हती. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. आपल्या कार्डात ती रचनाच नाही, त्यामुळे हा गेम हवा असेल तर कार्ड लागेलच. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आत्ता नको. बारावी झाल्यावर घेऊ, तोवर किंमतही उतरेल." दिवाळीचे पैसे त्यानं आजोबांच्या सल्ल्यानं बँकेत ठेवले.

दरवर्षी याच मागणीवर आमच्याकडे रुसवे-फुगवे होत असत. "परवडत नाही" हे उत्तर त्याला पुरेसं वाटत नसे आणि "सगळ्यांकडे आहे" हे मला पटत नसे. यंदा दोघांसमोर एकच आकडा होता, तोही स्क्रीनवर. आता त्यानं भिंतीवर एक कागद चिकटवला आहे: गेमचं नाव, कुठला एपीआय, कुठल्या प्रसंगात अडखळतो, तेव्हा कार्ड किती टक्के आणि प्रोसेसर किती टक्के. चार गेमच्या नोंदी झाल्या आहेत. परवा त्याचा मित्र नव्या कार्डाची यादी घेऊन आला होता. आमच्या चिरंजीवांनी त्याला आधी टास्क मॅनेजर उघडायला लावला.