कॅम्पातली बालवाडी

जावयांची बदली काश्मीरला झाली. फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नाही. मी लेकीला म्हटलं, "शहापूरला ये, नातवाला मी सांभाळते." ती बेळगावच्या कॅम्पातच राहिली. मला रागच आला. दिवस मावळायच्या आत जेवण, झोपताना णमोकार, तिथं कोण बघणार?

एकदा त्याला आणायला बालवाडीत गेले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची पोरं खेळत होती. एकानं विचारलं, "तुझे पप्पा कुठं?"

"बर्फात."

"माझे पण!"

दोघं घसरगुंडीकडं पळाली. शिकवणाऱ्या बाईंचे यजमानही सीमेवरच.

आमच्या गल्लीत हेच ऐकून बायका "बिचारं पोर" म्हणतात. इथं तो बिचारा नव्हता.

आता शनिवारी येतो, उन्हं असेतो जेवतो. सोमवारी त्याचा डबा मीच भरते.