घरचीच माणसं, म्हणून?

ट्रे एडवर्ड शुल्ट्स या अमेरिकी दिग्दर्शकाच्या ‘क्रिशा’वर २०१५ पासून भरभरून लिहिलं गेलं, पण त्यात चित्रपटाच्या परीक्षणापेक्षा तो कसा बनला याचं नवलच जास्त. नवल वाटावं असं आहेही. दारूपायी घरच्यांना दुरावलेली, साठी गाठलेली क्रिशा थँक्सगिव्हिंगच्या सणाला बहिणीकडे येते. तिने मागे सोडलेला, बहिणीने वाढवलेला मुलगा तिथेच आहे. टर्की भाजायचं काम ती हौसेने अंगावर घेते आणि रात्र होईतो सगळ्याचा विचका होतो. क्रिशा झाल्या आहेत दिग्दर्शकाच्या सख्ख्या मावशी क्रिशा फेअरचाइल्ड. बहिणीच्या भूमिकेत त्याची आई, मुलगा तो स्वतः, घरही टेक्सासमधलं, घरचंच, आणि चित्रीकरण नऊ दिवसांत उरकलेलं. एवढा ऐवज हाती आल्यावर समीक्षक ‘खरेपणा’वर भाळले. माझ्या मते हे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झालं आहे.

एक तर, पडद्यावरची क्रिशा म्हणजे ही मावशी नव्हेच. नाव तिचं असलं तरी व्यसनाची कथा कुटुंबातल्या दुसऱ्या नातलगांच्या अनुभवांतून आलेली आहे, आणि मावशी मुळात अभिनेत्री आहेत. त्या ‘स्वतःलाच साकारतात’ असं म्हणणं म्हणजे त्यांच्या कसबावर बोळा फिरवणं. दुसरं, शुल्ट्सने हीच कथा मावशीला घेऊन २०१२ मध्येही चित्रित केली होती. पूर्ण लांबीचा चित्रपट तेव्हा जमला नाही. हाती लागला तो लघुपट. रक्ताचं नातं त्याही वेळी होतंच की! आणि ‘क्रिशा’तला सर्वांत झोंबणारा संवाद कोणाच्या तोंडी आहे? डॉइल या नातलगाच्या, म्हणजे बिल वाइज या व्यावसायिक नटाच्या. तिथे खरेपणा तसूभरही कमी होत नाही. तो येतो कुठून, ते पहिल्याच लांबलचक दृश्यात दिसतं: बॅग ओढत, स्वतःशी पुटपुटत चालणारी क्रिशा आधी चुकीच्या दारात जाते आणि कॅमेरा तिचा पिच्छा सोडत नाही. पुढे स्वयंपाकघरातल्या गजबजीवर ब्रायन मॅकओमर यांचं ठोकाठोकीचं संगीत चढतं, चित्रचौकटीचा आकारही कथेच्या ओघात बदलतो. आपला जीव घुसमटतो तो या रचनेमुळे.

कोणी म्हणेल, ही माहिती दिग्दर्शकानेच मुलाखतींतून दिली, मग समीक्षकांना दोष का? दिली, खरं आहे. पण दिग्दर्शकाने सांगितलेली जन्मकथा म्हणजे परीक्षण नव्हे. याहून वजनदार आक्षेप चित्रपटातल्या आजीच्या प्रसंगाचा आहे. आजी झालेल्या बिली फेअरचाइल्ड या खरोखरच क्रिशाच्या आई, आणि त्यांची स्मृतीही खरोखरच विरत चाललेली. ते ठाऊक असलं की तो प्रसंग वेगळा दिसतो, हे मान्यच. मात्र तिथे कौतुकाआधी संमतीचा प्रश्न उभा राहायला हवा होता. खरेपणाच्या जयघोषात तो मागेच पडला. या चित्रपटाला दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेट्स यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला, हे खरेपणाच्या या गैरसमजाच्या दृष्टीने बोलकं आहे. कॅसाव्हेट्सही पत्नीला, आईला, सासूला पडद्यावर आणत, आणि त्यांच्या काटेकोर लिहिलेल्या दृश्यांनाही लोक उत्स्फूर्त समजत. ‘क्रिशा’ अवघ्या ८३ मिनिटांचा आहे. आधी तो पाहा, मुलाखती मागाहून वाचा.