यंत्राने कोणाची भाषा शिकावी?

उद्याच्या घरातील यंत्रांविषयी बोलू लागलो की आपल्या डोळ्यांसमोर शहरातील सदनिका उभी राहते. हाक मारताच दिवा लागतो, प्रश्न विचारताच उत्तर मिळते. आम्हांला मात्र वाटते की या यंत्रांची खरी परीक्षा चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात होणार आहे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, वांगेतुरी गावाला एस.टी.ची पहिली बस मिळाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. अशा दुर्गम भागातही मोबाईल आता पोहोचू लागला आहे.

एटापल्लीच्या आठवडी बाजारात आम्ही एक माडिया आजी पाहिली. मोबाईलवर बँकेचा संदेश आला, की ती तो नातवापुढे धरी. पैसे तिचे, यंत्र तिचे, पण अक्षरे परक्याची! आजवरच्या प्रत्येक यंत्राने माणसाला हेच सांगितले, की आधी माझी भाषा शिक, मग मी तुझी सेवा करीन.

आता हा क्रम उलटण्याची चिन्हे आहेत. पुढची यंत्रे बोटांपेक्षा कानांनी काम करतील. माणूस बोलेल आणि यंत्र ऐकेल. केंद्र शासनाने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा उपक्रम आणि २०२५ मध्ये आदिवासी भाषांसाठी 'आदि वाणी' हे अनुवादाचे साधन प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. त्यात गोंडीलाही स्थान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख लोकांची असलेली ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः काढली, त्यामागची तळमळ यावरून कळते.

पेंटेकॉस्टचा दिवस आठवावा. त्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या परदेशीयांना प्रेषितांची भाषा शिकावी लागली नाही. सुवार्ताच प्रत्येकाच्या मातृभाषेत त्याच्या कानी पडली. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनीही हीच वाट धरली. ते आपली भाषा कोणावर लादावयास गेले नाहीत. मराठी आत्मसात करून १६१६ साली त्यांनी 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. जो सेवा करावयास येतो, शिकण्याचे कष्ट त्यानेच घ्यावयाचे असतात. यंत्रालाही हाच नियम लागू व्हावा.

परंतु ऐकणारे यंत्र ऐकलेले साठवूही शकते. गोंडी शिकावयाची तर त्याला हजारो माणसांचे बोलणे हवे: आजीच्या गोष्टी, लग्नातील गाणी, औषधी वनस्पतींची नावे. हे धन कोणाचे? येथे मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण आम्हांला मार्गदर्शक वाटते. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. तेथे निर्णय होतात ते सर्वसहमतीने. बांबू तोडण्यापूर्वी गावाला विचारावे लागते, मग गावाची वाणी नेताना विचारावयास नको काय? परवानगी घ्यावी, मोबदला ठरवावा आणि तयार झालेले साधन त्याच गावात, रेंज नसतानाही चालेल असे करून द्यावे. तसे न झाले, तर जंगलातून लाकूड गेले तशी भाषाही जाईल आणि आजीला स्वतःचीच बोली विकत घ्यावी लागेल.

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुले-मुली आज संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतात. पोप लिओ चौदावे यांनी २०२५ मध्ये आपले नाव निवडताना, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे उभ्या राहणाऱ्या आव्हानांचा उल्लेख केला होता. ते आव्हान या मुलांच्या मेजावर रोज येत असते. नवे यंत्र घडविताना, 'हे एटापल्लीच्या आजीला समजेल का, आणि तिला विचारले का?' एवढे दोन प्रश्न त्यांनी आपल्या कचेरीत विचारावेत. घरी जेवताना आपण ते त्यांना विचारले, तर उद्या तेही विचारू लागतील.