एकांताची पूर्वतयारी

न्हावा आणि शेवा ही मुळात दोन निरनिराळी गावं. १९८९ साली इथं बंदर सुरू झालं आणि दोघांची नावं अशी चिकटली, की आता नुसतं 'न्हावा' म्हटलं तर समोरचा माणूस 'शेवा' म्हणून मोकळा होतो. जिथं गावाला एकटं राहता येत नाही, तिथं बँकेतल्या कारकुनानं एकांताची हाव धरणं हा आगाऊपणाच. पण ती मी धरली.

कारण साधं आहे. दिवसभर काउंटरपलीकडून माणसं बोलतात, रात्रभर रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर बोलतात. पूर्वी निदान मुंबईच्या नातेवाइकांमध्ये आणि आमच्यामध्ये समुद्र होता. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि तोही आधार गेला. आता ते 'सहज' येतात.

तेव्हा एक रात्र, एक डोंगर आणि मी, एवढंच ठरवलं. पहिली पसंती कर्नाळ्याला होती. पण ते पक्ष्यांचं अभयारण्य, आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय तिथं फक्त पक्ष्यांना. मग उरणचा द्रोणागिरी. संजीवनीचा डोंगर नेताना मारुतीच्या हातून त्याचा तुकडा इथं पडला, असं सांगतात. न्हावा शेव्याहून रेल्वेनं उरण दुसरं स्टेशन. पायथ्याशी एका खातेदाराची वाडी होती. तिथं तंबू ठोकायचा आणि सकाळी किल्ला चढायचा.

शनिवार-रविवार सुट्टीच होती. सोमवारची रजा मात्र पाय दुखण्यासाठी आगाऊ टाकली. साहेबांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "एकटेच जाताय? घरी सगळं ठीक आहे ना?"

हाच प्रश्न पुढं आठवडाभर सगळ्यांनी विचारला. आपल्याकडे माणूस एकटा निघाला तर तो नोकरीच्या मुलाखतीला तरी जातो, नाहीतर भांडून तरी. शेजारचे काका रात्री दार लावून हळूच म्हणाले, "वहिनींशी मी बोलू का?" आईनं पंचांग काढलं आणि मागोमाग अंगाऱ्याची पुडी. मुलानं टॉर्च दिला, मुलीनं शिट्टी दिली. "बाबा, हरवलात तर वाजवा." हिनं मात्र काही विचारलं नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बाम, स्वेटर आणि माकडटोपी मुकाट्यानं भरत राहिली. शुक्रवारी वाण्याच्या काट्यावर पिशवी ठेवली, तर सतरा किलो! मी बी.कॉम. माणूस; जमेच्या बाजूला एक रात्र आणि नावे सतरा किलो हा ताळेबंद मला जुळवता येईना.

तंबू मागून आणलेला होता. तालीम म्हणून त्याच रात्री तो दिवाणखान्यात उभा केला. एक दोरी शोकेसला, दुसरी शिलाई मशीनला. आत शिरलो आणि काय सांगू, शांतता! बाबा तंबूत आहेत म्हणून घरातली सगळी माणसं कुजबुजत बोलत होती. बारा वाजता चेन सरकली.

"अहो, सरका जरा. बघू द्या तरी."

ती आडवी झाली. बराच वेळ वर कापडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी कधी एका खोलीत एकटी झोपलेच नाही हो. माहेरी दोन बहिणींच्या मध्ये, मग इथं." तक्रार नव्हती. शिल्लक सांगावी तशी सांगितली. एकोणीस वर्षं मी लोकांची खाती बघतोय. हे खातं कधी उघडूनच पाहिलं नव्हतं.

"मी पाणी पिऊन येतो," म्हणून बाहेर आलो आणि मुलाच्या गादीवर पसरलो.

सकाळी सातला उरणची गाडी निघून गेली होती. तंबूची चेन आतून बंद होती. आई पूजेची घंटा हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं घंटा खाली ठेवली. चहा केला. मग आठवलं, डबे नसले तरी जेवण लागणारच. कुकर काढला, पुन्हा आत ठेवला, आणि भात पातेल्यात लावला.