बागेंतला धबधबा

सेवानिवृत्तीनंतर माणसास कांहीं ना कांहीं छंद जडतोच. कोणी ज्योतिष शिकतो, कोणी होमिओपॅथीची पेटी घेऊन बसतो. आम्हां दोघां भावांस खर्डीच्या घरामागें धबधबा बांधण्याची हौस आली.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहापूर तालुक्यांत हें गांव आहे. पावसाळ्यांत येथून गाडी पुढें निघाली, कीं डोंगराच्या प्रत्येक सुरकुतींतून एकेक पांढरी रेघ उतरतांना दिसते. तसली एक रेघ आपल्या बागेंतल्या हौदापाशीं असावी, एवढीच आमची इच्छा. दादांनीं गोल गोटे गाडीभर आणविले, मीं सिमेंट आणिलें, आणि गवंड्यानें चार दिवसांत पुरुषभर उंचीचा ढीग रचून दिला. पंप सुरू केला. पाणी वरून निघालें, दोन गोट्यांमधून आंत शिरलें आणि दिसेनासें झालें! सकाळीं पाहतों तों हौद वीतभर उतरलेला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हा धबधबा, कीं दिवाळीच्या लाडवांची परात?" टीका कठोर होती, पण यथार्थ होती.

कामास येणाऱ्या एका वृद्ध ठाकरानें आम्हांस वाट दाखविली. "भाऊ, ओहळावर जाऊन बघा, दगड कसा निजलाय," एवढेंच तो म्हणाला. आम्ही जाऊन पाहिलें. सह्याद्रीचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचे एकावर एक पसरलेले थर. कठीण थराखालीं कोठें कोठें मऊ, सच्छिद्र थर असतो. पाणी तो आधीं झिजवितें; वरचा कठीण थर ओठासारखा पुढें राहतो, आणि त्या ओठावरून धार सुटते. म्हणजे आमच्या प्रांतांतला धबधबा आडव्या दगडांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. गोल गोट्यांची जागा धारेच्या माथ्यावर नव्हे, तिच्या पायथ्याशीं!

ढीग मोडला. सपाट अंगणांत एकाएकीं उभा राहिलेला डोंगर कोणासही खरा वाटत नाहीं, म्हणून उंची निम्मी केली आणि हौद खणतांना निघालेल्या मातीचा मागें लांबवर उतार दिला. चपटे दगड आडवे, एकाच दिशेस किंचित कललेले, तिसरा हिस्सा मातींत पुरलेले असे बसविले. ओठाचा दगड चार बोटें पुढें काढून त्याच्या खालच्या अंगास खांच पाडली, म्हणजे पाणी दगडाच्या पोटास चिकटून मागें वळत नाहीं. सांध्यांत माल भरला तो मागून. पुढून त्याचा लवलेश दिसूं दिला नाहीं. जपानांत अकराव्या शतकांत लिहिलेल्या 'साकुतेइकी' नामक उद्यानविद्येच्या ग्रंथांतही असेंच सांगितलें आहे: आधीं धारेचा दगड निवडावा, बाजूचे दगड त्यास घट्ट भिडवावे, आणि फटी मळलेल्या चिकणमातीनें बुजवाव्या.

पाणी सुरेख पडूं लागलें, तेव्हां चैत्र सरत आला होता. एके सायंकाळीं सारें कुटुंब तेथें बसलें असतां कुंपणापलीकडून डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया चालल्या होत्या. त्यांतील एक लहान मुलगी थबकली व आईस म्हणाली, "आये, हितं पाऊस लागलाय!" कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनींनीं उठून पंप बंद केला.

तानसा १८९२ पासून आणि मोडकसागर १९५७ पासून मुंबईस पाणी पुरवीत आहेत. पुढें त्यांत भातसाची भर पडली. मुंबईची तहान भागविणाऱ्या या मुलखांतल्या कित्येक पाड्यांस मात्र उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. दादा म्हणाले, "पाणी तेंच तर फिरून फिरून येतें, वाया कोठें जातें?" हिशेब सर्वस्वी चुकीचा नव्हता, तथापि उन्हानें आणि तुषारांनीं उणें झालेलें पाणी भरून काढण्यास रोज पांच-सहा हंडे हौदांत ओतावे लागत, हेंही खरें होतें. वहिनी शांतपणें म्हणाल्या, "दगड अगदीं ओहळासारखे बसवलेत. पण ओहळ तरी सध्यां कोठें वाहतो आहे?"

या प्रश्नास आम्हां दोघांपाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं ओहळाचे दगड पाहिले होते, त्याचा ऋतु पाहिला नव्हता. पंप काढून टाकला आणि छपराची पन्हळ उताराच्या माथ्याशीं आणून सोडली. विंधणविहिरीचा एक नळ कुंपणाबाहेर काढला. तें खरें म्हणजे आधींच सुचावयास हवें होतें.

आतां आमचा धबधबा पाऊस असेल तेव्हांच वाहतो. आषाढांत तो बोलतो, भाद्रपदाअखेर कुजबुजतो, पुढें आठ महिने नुसते काळे दगड आणि त्यांवर वाळलेलें शेवाळ. पाहुणे विचारतात, "बंद कां?" आम्ही सांगतों, "डोंगरावरचेही बंदच आहेत."

ज्या वाचकांस हा छंद करावयाचा असेल, त्यांनीं दगडांची गाडी सांगण्यापूर्वीं एखाद्या ओढ्याकाठीं दोनदां जाऊन यावें: एकदां श्रावणांत आणि एकदां वैशाखांत.